नदीच्या कामात उतरायचंय? मग आधी आपला ओढा शोधा

पुण्यात दर पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं, मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला की त्याचे व्हिडिओ फिरतात आणि त्याच आठवड्यात नदीवाल्या ग्रुपांवर मेसेज यायला लागतात, "आम्हालाही काहीतरी करायचंय, कुठे यायचं?" मग गणपती विसर्जनानंतर दुसरी लाट. दिवाळीचा फराळ होईपर्यंत त्यातले बरेच जण गायब. यात टोमणा नाहीये हां, लोकांना मनापासून करायचं असतं, पण होतं काय की पहिल्याच रविवारी हातात ग्लोव्ह्ज आणि पोतं मिळतं, बॅनर धरून फोटो निघतो, पुढच्या रविवारी गेलो तर त्याच जागी तेवढाच कचरा, मग माणूस म्हणतो जाऊ दे, आपल्याच्याने काही होत नाही.

माझं म्हणणं असं की कचरा उचलणं हा या कामाचा फार छोटा भाग आहे. बाकीचं काम म्हणजे एकाच काठावर परत परत जाणं आणि कागद लावून धरणं, आणि ज्या मंडळींना हे जमतं त्यांचीच ग्रुपला खरी गरज असते. मी पुण्याचं लिहितोय, मुळा-मुठेचं, कारण तेच नीट माहितीय. तुम्ही नाशिकला असा, कोल्हापूरला असा नाहीतर चिपळूणला, ऑफिसांची नावं बदलतील, पद्धत जवळपास हीच.

ग्रुप नंतर, ओढा आधी

तुमच्या गच्चीवर पडलेलं पावसाचं पाणी कुठे जातं हे शोधा. खरंच, पहिलं काम हे. नदी म्हणजे पुलावरून दिसते तेवढीच नसते, तिला पाणी आणून देणारी टेकडी, त्या टेकडीवरचा झरा, झऱ्याचा ओढा, ओढ्यावरची तुमची सोसायटी, हे सगळं तिचं पाणलोट. कात्रज-सहकारनगरवाले आंबिल ओढ्याचे, बावधन-पाषाणवाले रामनदीचे, वानवडीकडचे भैरोबा नाल्याचे, जुन्या पेठांमधले काही नागझरीचे, चिंचवडवाले पवनेचे. बऱ्याच लोकांना आपण कुणाचे हेच माहीत नसतं, कारण ओढ्यावर स्लॅब पडलेला असतो किंवा त्याला सगळे 'नाला' म्हणतात आणि नाल्याकडे कोण बघतं.

शोधायचं कसं, तर गूगल अर्थवर जुन्या वर्षांचे फोटो मागे-मागे नेऊन बघा, सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे त्यांच्या साइटवरून फुकट डाउनलोड होतात त्यावर निळ्या रेघा बघा, आणि मग पायी निघा. वरून खाली चालत या. गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना ओढ्याचं नाव माहीत असतं, कुठे पोहायचे कुठे खेकडे धरायचे तेही सांगतात. काठावर साती आसरांचं, म्हणजे पाण्याच्या देवतांचं, ठाणं दिसलं की समजा इथे बारमाही पाणी असणार किंवा कधीकाळी होतं.

रामनदी शिकायला उत्तम, कारण ती जेमतेम वीसेक किलोमीटरची आहे. भुकूमजवळच्या खाटपेवाडीला उगम, मग भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण तलाव, आणि पुढे औंध-बाणेरच्या बाजूला मुळेला मिळते. दोन-तीन रविवारांत तुकड्यातुकड्याने सगळी बघून होते आणि एका छोट्या नदीचं काय काय होऊ शकतं ते सगळं त्यात दिसतं. उगमाकडे पाणी बरं असतं, मग फार्महाऊस, मग सोसायट्या, मग पात्रात भराव, मग ड्रेनेज. हे डोळ्यांनी बघितलेला माणूस मीटिंगमध्ये वेगळंच बोलतो.

कोण कोण काय करतंय

पुण्यात या बाबतीत चंगळ आहे. जीवितनदी म्हणून संस्था आहे, २०१४ पासून काम करतेय. त्यांचे नदीकाठचे वॉक असतात आणि 'दत्तक घेऊया नदीकिनारा' म्हणून उपक्रम आहे, म्हणजे एका भागातले लोक एक तुकडा घेतात आणि तिथे नियमित जात राहतात. विठ्ठलवाडीचा मुठेचा काठ हा त्यातला जुना तुकडा. घरातली विषारी रसायनं कमी करायचं पण तेच लोक शिकवतात, कारण डिटर्जंट, फिनेल, टॉयलेट क्लीनर शेवटी पाइपातून नदीतच जाणार. इकॉलॉजिकल सोसायटी आहे, प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली, तिचे निसर्ग-व्यवस्थापनाचे कोर्स करून बाहेर पडलेली माणसं तुम्हाला शहरातल्या निम्म्या ग्रुपांमध्ये भेटतील. भूजलात रस असेल तर ॲक्वाडॅम. आरटीआय (माहितीचा अधिकार) आणि महापालिकेच्या कारभाराच्या अंगाने जायचं असेल तर सजग नागरिक मंच. पुणे रिव्हर रिव्हायव्हल म्हणून वेगवेगळ्या संस्था आणि सुटे नागरिक एकत्र आलेत. वेताळ टेकडी वाचवणारी कृती समिती नावाला टेकडीची असली तरी काम नदीचंच आहे, टेकडीत मुरलेलं पाणीच पुढे झऱ्याने ओढ्यात येतं, आणि टेकडीवाले न् नदीवाले हे बऱ्याचदा एकच लोक असतात, फक्त बॅनर बदलतो.

सरकारी बाजूनेही एक दार आहे. २०२२ मध्ये राज्यात 'चला जाणूया नदीला' अभियान सुरू झालं, त्यात सुरुवातीला ७५ नद्या घेतल्या होत्या. तुमची नदी त्यात होती का, जिल्ह्यात तिचा समन्वयक कोण होता, तिचा काही अहवाल झाला का हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारता येतं. अहवाल असेल तर आयता मिळाला.

ग्रुप निवडताना मी स्वतः तीन गोष्टी बघतो. पैसे कुठून येतात ते उघड सांगतात का. काठावरच्या वस्तीतल्या लोकांशी बोलतात का, की नुसतं त्यांच्यामुळे घाण होते म्हणतात. आणि मागच्या वर्षी काय केलं त्याची कुठे नोंद आहे का. नुसते टी-शर्ट आणि ड्रोनचे व्हिडिओ असतील तर नमस्कार करून पुढे.

पहिल्या वेळी जाताना वॉकलाच जा, सफाईला नको. वॉकमध्ये गप्पा होतात, कोण जुनं आहे, कुणाला पक्षी कळतात, कुणाला कायदा कळतो ते समजतं. आणि जाऊन लगेच "तुम्ही असं का नाही करत" सुरू करू नका प्लीज, प्रत्येक ग्रुपला असा एक येतोच आणि तो सुचवतो ते तीन वर्षांपूर्वी करून झालेलं असतं.

एक तुकडा धरा

घरापासून जवळचा, चालत जाता येईल असा दोन-तीनशे मीटरचा तुकडा घ्या. लांबचा सुंदर काठ निवडलात तर पावसात, उन्हात, लग्नसराईत जाणं होणार नाही. तिथे महिन्यातून दोनदा तरी जायचं, ठरलेल्या दगडावर उभं राहून ठरलेल्या दिशेने फोटो काढायचा, तारीख-वेळ येईल असं जिओटॅगवालं ॲप वापरायचं. वर्षभराने याच फोटोंना किंमत येते, कारण भराव एका रात्रीत पडत नाही, एकेक डंपर येत राहतो, आणि 'आधी असं नव्हतं' हे सांगायला तुमच्याशिवाय कुणाकडे काही नसतं.

वहीत काय लिहायचं? पाण्याचा रंग, वास, फेस आहे का, पाणी कुठपर्यंत आहे, कुठला पाइप कुठल्या वेळी वाहतोय (सकाळी सात-आठला वाहणारा पाइप बहुतेक ड्रेनेजचा), जलपर्णी किती पसरलीये. जलपर्णी आहे म्हणजे पाण्यात मैल्याचं खत भरपूर आहे एवढं साधं गणित, त्यामुळे नुसती काढून काही उपयोग नाही, ती परत येणार. पक्षी बघायला लागलात तर अजून मजा. शेकाट्यांचे थवेच्या थवे दिसले म्हणून खूश होऊ नका, त्यांना घाण पाण्यातही भरपूर खायला मिळतं. कवड्या धीवर पाण्यावर एका जागी पंख मारत थांबून सूर मारताना दिसला तर निदान तिथे छोटे मासे आहेत. दगड उलटून बघा, खाली लालभडक बारीक अळ्या वळवळत असतील तर पाण्यात ऑक्सिजन बहुधा फारच कमी, मे-फ्लाय नावाच्या कीटकाची पिल्लं असतील तर पाणी बऱ्यापैकी चांगलं. बघून झालं की दगड जसा होता तसा परत ठेवा. पक्ष्यांची यादी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या साइटवर टाकत जा, उद्या कुणी म्हणालं इथे काही जैवविविधता नाही तर तारखेनिशी दाखवता येते.

झाडं ओळखायला शिका. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज, पात्रातली शेरणी, लव्हाळे, पाणकणीस. ही काठाची माणसं, पूर आला की वाकतात, माती धरून ठेवतात. हे आधी शिकायचं कारण म्हणजे वृक्षारोपण नावाचा उत्साह. काठावर आधीच असलेली झुडपं 'रान माजलंय' म्हणून साफ करून तिथे ट्री गार्डमध्ये गुलमोहोर लावणारे लोक तुम्हाला भेटतील, त्यांना गोड बोलून थांबवणं हेही कामच आहे.

पाण्याचे आकडे पाहिजे असतील तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीवरच्या ठरावीक ठिकाणांची तपासणी करतं, आकडे त्यांच्या साइटवर असतात. त्यात दोन रकाने आधी बघा. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला किती ऑक्सिजन खर्ची पडतो, अंघोळीलायक पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत लागतो. आणि विरघळलेला ऑक्सिजन, तो ५ च्या वर लागतो. शहराच्या वरचा आकडा आणि शहराच्या खालचा, मुंढवा पुलाकडचा, शेजारी-शेजारी ठेवून बघा म्हणजे आपण नदीला काय देतो ते कळेल.

सफाईला जाणारच असाल तर

जा, वाईट नाही, लोक जोडायला सगळ्यात सोपी गोष्ट तीच आहे. पण बंद बूट, जाड ग्लोव्ह्ज, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं, हातापायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, घाण पाण्यातून होणारा लेप्टोचा ताप वगैरे गंमत नाहीये. लहान मुलांना काठावर न्या, पाण्यात नको. धरणातून विसर्ग चालू असेल किंवा वाढणार असेल तर त्या दिवशी कार्यक्रम रद्द, कितीही लोक जमलेले असू देत. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं तेव्हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास होता आणि बरेच लोक झोपेतून उठून पळाले, त्यामुळे जलसंपदा खात्याचा विसर्गाचा मेसेज बघितल्याशिवाय पावसाळ्यात पात्रात जायचंच नाही.

झाडांच्या मुळांत अडकलेलं प्लास्टिक ओढून काढू नका, माती सुटते, कात्रीने कापा. उन्हाळ्यात पात्रातल्या खडीवर टिटवी अंडी घालते, ती दिसत नाहीत, पायाखाली येतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की तिथून लांब व्हा. निर्माल्याच्या पिशव्या मिळतील, देवांचे फोटो मिळतील, त्यावरून तिथे जमलेल्या लोकांशी वाद घालू नका. विसर्जनाच्या दिवसांत घाटावर उभं राहून निर्माल्य मागून घेणं जास्त चालतं, लोक हसून देतात. पीओपीच्या मूर्तीसाठी पुण्यातल्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत काढली, महापालिकेने ती पावडर फुकट वाटलीसुद्धा, म्हणजे घरी बादलीत विसर्जन करता येतं. पण शाडूची मूर्ती आधीच आणलेली सगळ्यात बरी.

आणि उचललेलं वजन किंवा पोती मोजून 'इतके टन कचरा काढला' एवढंच लिहू नका. कशाच्या किती पिशव्या, कुठल्या प्रकारचा कचरा, कुठून आला, ते लिहा. कचऱ्यात बांधकामाचा राडारोडा निघाला तर तो उचलूच नका. फोटो काढा. तो पुरावा आहे, आणि इथून पुढे खरं काम सुरू होतं.

कागद

या भागात लोक जांभया देतात आणि नद्या इथेच वाचतात किंवा जातात, म्हणून जरा सविस्तर.

आधी पूररेषा समजून घ्या. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधला भाग निषिद्ध, तिथे बांधकाम करायचं नाही. निळ्या ते लाल नियंत्रित, तिथे अटी. या रेषा जलसंपदा विभाग आखतो आणि शहराच्या डीपीवर, म्हणजे विकास आराखड्यावर, दाखवतात. तुमच्या तुकड्यावर त्या कुठून जातात ते नकाशावर एकदा बघून, प्रत्यक्ष जागेवर जाऊन कुठल्या झाडापाशी, कुठल्या भिंतीपाशी येतात हे ओळखून ठेवा. मग डंपर दिसला की तुम्हाला लगेच कळतं की हा निळ्या रेषेच्या आत ओततोय. ओढ्यांचं जास्त अवघड असतं, बऱ्याच ओढ्यांना अशी रेषा नीट आखलेलीच नसते, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर येऊन घरांत पाणी शिरलं, माणसं गेली, ते पुणेकर विसरलेले नाहीत.

तक्रार करायची तर फोनवर ओरडून काही होत नाही. अर्ज लिहा, एक पान, त्यात जागा (जवळची खूण, गट नंबर माहीत असेल तर तो), तारीख-वेळ, काय दिसलं, फोटो, आणि काय करा म्हणताय ते एका वाक्यात. क्षेत्रीय कार्यालयात आवक-जावकला द्या, प्रत पर्यावरण विभागाला, प्रत जलसंपदाला, सांडपाणी असेल तर प्रदूषण मंडळाला. आणि पोच घ्या. शिक्का आणि आवक क्रमांक असलेली तुमची प्रत म्हणजे सोनं. ॲपवर तक्रार केलीत तर टोकन नंबरचा स्क्रीनशॉट, कारण तक्रारी 'निराकरण झाले' म्हणून बंद होतात आणि राडारोडा तिथेच असतो. बंद झाली की ताजा फोटो लावून परत उघडा. कंटाळा येतो. कंटाळा यावा यासाठीच ही व्यवस्था अशी आहे की काय असं कधीकधी वाटतं.

पंधरा-वीस दिवसांत काही झालं नाही की आरटीआय. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प किंवा राज्याच्या पोर्टलवरून ऑनलाइन. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, त्यामुळे कादंबरी लिहू नका. 'का' विचारू नका, कागद मागा. "का कारवाई केली नाही" याला उत्तर येणार 'माहिती उपलब्ध नाही', त्याऐवजी "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीची टिपणी, स्थळपाहणी अहवाल आणि पत्रव्यवहाराच्या प्रती" असं मागा. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं की पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. शिवाय सोमवारी दुपारी ३ ते ५ अर्जाशिवाय फायली बघू द्यायची सोय पुणे महापालिकेत सुरू झाली होती आणि २०१८ मध्ये राज्याने जीआर काढून ती इतर ठिकाणीही लागू केली. जायच्या आधी फोन करून चालू आहे का विचारून घ्या आणि जाताना वही-पेन आणि शांत डोकं घेऊन जा. क्लार्कशी नीट वागा, तो तुमचा शत्रू नाहीये, कुठली फाइल मागायची हे बऱ्याचदा तोच सांगतो.

मग हरकती-सूचना. डीपीत बदल असो, पात्राशेजारून रस्ता असो, कुठेतरी जाहीर नोटीस निघते आणि ठरलेली मुदत असते. झाडं तोडायची असतील तर झाडावर नोटीस लावतात, पेपरात देतात, आणि हरकत घ्यायला सात दिवस असतात, सातच, त्यामुळे तुमच्या तुकड्यावरच्या झाडांवर कागद चिकटलाय का हे येता-जाता बघायची सवय लावा. मोठे प्रकल्प पर्यावरण परवानगीच्या यादीत असतील तर जनसुनावणी होते, तिची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते, अहवालाचा सारांश मराठीतून मिळतो, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी बसतात आणि तुमचं म्हणणं इतिवृत्तात यावं लागतं. तिथे बोलाच, दोन मिनिटं का होईना, आणि लेखी पण द्या. व्हॉट्सॲपवर फिरणारा हरकतीचा मजकूर जसाच्या तसा पाठवू नका, एकसारख्या पाचशे हरकती एकत्र गठ्ठा बांधून एका ओळीत निकालात काढणं सोपं जातं. "मी इथे राहतो, इथे हे बघितलंय" असं तुमच्या शब्दांत चार ओळी लिहा, चुकीच्या शुद्धलेखनात लिहा, चालतं.

नदीकाठ सुधार प्रकल्पाचंच घ्या ना. मुळा, मुठा, मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा काठ, ६ मार्च २०२२ ला भूमिपूजन झालं. महापालिका म्हणते पूर सुरक्षितपणे जाईल, लोकांना नदीपर्यंत जाता येईल. नदीवाले म्हणतात पात्र अरुंद होतंय, काठाची झाडी जातेय आणि मैलापाणी तसंच असताना काठ सजवून काय करायचं. एप्रिल २०२३ मध्ये हजारो लोक चिपको म्हणून रस्त्यावर उतरले. मला दुसरी बाजू पटते हे लपवत नाही. मैलापाण्यासाठी जायका या जपानी संस्थेच्या कर्जातला प्रकल्प २०१६ मध्ये आला, ११ केंद्रं, दिवसाला ३९.६ कोटी लिटरची क्षमता, ते आधी पूर्ण व्हायला हवं होतं, बाकं आणि दिवे नंतरही बसवता आले असते. पण तुम्ही माझं ऐकून ठरवू नका. प्रकल्पाचा अहवाल मिळवा, पुलाखाली उभं राहून पात्राची रुंदी बघा, मग ठरवा.

हरित लवाद म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांचं न्यायालय, त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. तिथे जाणं हे शेवटचं पाऊल, वकील पाहिजे, वेळ पाहिजे, आणि कारण घडल्यापासून साधारण सहा महिन्यांत जावं लागतं ही गोष्ट लोकांना उशिरा कळते. तिथे तुमचे ते एका जागेवरून काढलेले फोटो, पोच आणि आरटीआयची उत्तरं हीच कामाला येतात.

रविवारी वेळ नसेल तर

तरी कामं आहेत आणि ती करायला माणसं मिळत नाहीत. इंग्रजी अहवालाचा मराठी गोषवारा लिहिणं, आरटीआयची उत्तरं एक्सेलमध्ये भरणं, जुन्या उपग्रह फोटोंवर पात्राच्या कडा आखून दाखवणं, संस्थेचे हिशेब बघणं, पत्राचं प्रूफ वाचणं, घाटावर गाडी नेणं-आणणं. सीए असाल, वकील असाल, जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे करणं) येत असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, लाजू नका. परदेशात बसलेले पुणेकर नकाशाचं आणि भाषांतराचं काम रात्री करून देऊ शकतात.

वरचे लोक, खालचे लोक

शहरातल्या ग्रुपांची एक मोठी अडचण म्हणजे नदी यांच्यासाठी वारज्याला सुरू होते आणि मुंढव्याला संपते. वर टेमघर, पानशेत, वरसगाव, खडकवासला अशी चार धरणं मिळून २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवतात, त्यासाठी मुळशी आणि वेल्ह्याकडची गावं उठलीत. मुळेवरच्या मुळशी धरणाचं पाणी तर टाटांच्या वीजघरासाठी घाट उतरून भिऱ्याला कोकणात जातं, त्याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या काळात सत्याग्रह झाला. आणि खाली आपलं सगळं मैलापाणी थेऊरवरून पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला आणि तिथून उजनीत जातं, दौंड-इंदापूरकडचे शेतकरी ते वापरतात. त्यांच्या डोळ्यांनी बघितलं तर आपली 'नदी वाचवा' रॅली थोडी विनोदी दिसते. ग्रुपमध्ये असाल तर वर्षातून एकदा वर आणि एकदा खाली जायचा कार्यक्रम लावा, भाषण न करता, नुसतं ऐकायला.

काठावरच्या वस्तीचंही तेच. पूर आला की पहिलं पाणी त्यांच्या घरात, आणि अतिक्रमण म्हणून पहिला बुलडोझरही तिथेच, फ्लॅटचं ड्रेनेज मात्र कुणी मोजत नाही. भोई, धोबी, म्हशीवाले यांना नदीचं जे माहितीय ते आपल्या पीपीटीत नसतं. त्यांना मीटिंगला बोलवायचं तर मीटिंग त्यांच्या वेळेला आणि त्यांच्या समाजमंदिरात ठेवा, कॅफेत नको.

तुमच्याकडे ग्रुपच नसेल तर

चार जण पुरतात. संस्था रजिस्टर करायच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका, अध्यक्ष कोण यावरूनच फुटते. एक वही, एक फोटोंचा फोल्डर, एक माणूस कागद सांभाळणारा, एक माणूस लोकांशी बोलणारा, बास. पैसे लागले तर आपापसात काढा आणि खर्च ग्रुपवर टाका. निवडणूक जवळ आली की कुणीतरी मोठा बॅनर आणि चहा-नाष्टा घेऊन येईल, चहा प्या, बॅनरसमोर उभं राहू नका.

गावात असाल तर शहरापेक्षा हत्यारं जास्त आहेत तुमच्याकडे. जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला पाहिजे, ती बघायला मागा. बऱ्याचदा कपाटात असते, कधी नुसती कागदावर केलेली असते, त्यात तुमच्या ओढ्याचं, डोहाचं, देवराईचं नाव आहे का बघा, नसेल तर घालायला लावा. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास असतात, त्याच्या आठ-दहा दिवस आधी ओढ्यातला भराव किंवा वाळूउपसा हा विषय लेखी देऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) पोच घ्या, सभेत वाचायला लावा, आणि ठराव झाला की इतिवृत्ताची प्रत त्याच आठवड्यात मागा, पुढच्या महिन्यात मागितलीत तर "वही ऑडिटला गेलीये" हे उत्तर ठरलेलं आहे.